संताच्या घरातील स्मृतिभ्रंश : लुई मार्टिन यांची अखेरची सात वर्षे

बेन सिराच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात वृद्ध पित्याविषयी एक उपदेश आहे. पुत्राने पित्याला म्हातारपणी आधार द्यावा, एवढे सांगून तो ज्ञानी थांबत नाही. पित्याची बुद्धी मंदावली तरी त्याला सांभाळून घ्यावे, आपण धडधाकट आहोत म्हणून त्याचा उपमर्द करू नये, असेही तो बजावतो. ख्रिस्तजन्मापूर्वी सुमारे दोनशे वर्षे लिहिलेला हा ग्रंथ. याचा अर्थ असा की, म्हातारपणी माणसाची बुद्धी हरपते आणि घरच्यांचा संयम संपतो, ही गोष्ट तेव्हाही घरोघरी ठाऊक होती. उपदेश करावा लागतो तो जिथे चूक होते तिथेच.

ही चूक आमच्या घरातही झाली, हे आरंभीच कबूल करायला हवे. आमच्या आईची स्मृती हळूहळू गेली आणि तिच्यामागोमाग वाचाही गेली. शेवटी तिच्यापाशी ‘बाय’ हा एकच शब्द उरला. मुलगा, सून, नातू, मिस्साचा प्रसाद घेऊन येणारे धर्मगुरू, सगळेच तिच्या लेखी ‘बाय’. सणाला पाहुणे आले की आम्ही तिला आतल्या खोलीत बसवत असू. ‘तिला गर्दी सोसत नाही,’ असे आम्ही सांगत होतो. खरे तर गर्दीपुढे आम्हालाच ती सोसत नव्हती. पुढे तिला धर्मभगिनींच्या वृद्धाश्रमात ठेवावे की नाही, यावरून आम्हा भावंडांत जी बोलाचाली झाली, तिचे व्रण अजून पुरते बुजलेले नाहीत.

त्या दिवसांत एका संतचरित्राची पाने आम्ही नव्याने चाळली आणि थक्क झालो. ज्या संत महिलेचे चित्र आपल्या अनेक घरांच्या भिंतीवर गुलाबांसह असते, त्या बाळ येशूच्या संत तेरेजाच्या घरात नेमके हेच घडले होते. तिच्या वडिलांची बुद्धी हरपली, वाचा गेली, गावात चर्चा झाली, त्यांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले आणि अखेर ते घरी परतले. हा इतिहास आपल्याकडे बहुधा एका वाक्यात उरकला जातो. तो तपशिलाने पाहावा, म्हणून हा लेख.

एक घड्याळजी आणि त्याचे घर

लुई मार्टिन यांचा जन्म 22 ऑगस्ट 1823 रोजी फ्रान्समधील बोर्दो येथे झाला. व्यवसायाने ते घड्याळजी. 1858 साली आलाँसों गावी झेली गेरँ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला नऊ अपत्ये झाली. त्यांपैकी पाच मुली जगल्या. मारी, पोलीन, लेओनी, सेलीन आणि सर्वांत धाकटी तेरेजा. 1877 च्या ऑगस्टमध्ये झेली यांना कर्करोगाने मृत्यू आला, तेव्हा तेरेजा साडेचार वर्षांची होती. पाच पोरक्या मुलींना घेऊन लुई लिझ्यू या गावी राहायला आले, कारण तिथे झेलींचे बंधू इझिदोर गेरँ यांचे औषधांचे दुकान होते. मुलींना मामा-मामीची सावली मिळावी, हा हेतू.

पोलीन 1882 मध्ये आणि मारी 1886 मध्ये लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाल्या. यानंतर 1 मे 1887 रोजी लुई यांना पक्षाघाताचा पहिला झटका आला. तेव्हा त्यांचे वय 63 होते. त्यातून ते सावरले, चालूफिरू लागले. त्याच महिन्यात पेन्तेकॉस्ताच्या सणाला तेरेजाने त्यांच्यापाशी मठात जाण्याची परवानगी मागितली. त्यांनी ती दिली, एवढेच नव्हे तर नोव्हेंबरात तिला आणि सेलीनला घेऊन रोमची यात्राही केली. 9 एप्रिल 1888 रोजी पंधरा वर्षांची तेरेजा कार्मेलमध्ये गेली. घरी राहिल्या लेओनी आणि सेलीन. पुढच्या सहा वर्षांच्या शुश्रूषेचा सर्वांत मोठा भार ज्या सेलीनने वाहिला, ती त्या वेळी जेमतेम एकोणीस वर्षांची होती.

पहिल्या खुणा

स्मृतिभ्रंश घरात शिरतो तेव्हा दार वाजवून येत नाही. आधी किरकोळ विसराळूपणा, मग एखादी न समजणारी कृती. 23 जून 1888 रोजी लुई कुणालाही न सांगता घरातून निघून गेले. चार दिवस त्यांचा पत्ता नव्हता. अखेर ल हाव्र या बंदराहून आलेल्या तारेवरून माग लागला. मामा गेरँ आणि सेलीन यांनी तिथे जाऊन 27 जूनला त्यांना शोधून काढले. कुठेतरी एकांतात जाऊन संन्याशासारखे राहावे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. आपल्या गावांत संध्याकाळी बाहेर पडलेले आणि रात्रभर न परतलेले आजोबा ज्यांनी शोधले आहेत, त्यांना त्या चार दिवसांची कल्पना वेगळी द्यायला नको.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणि पुन्हा हिवाळ्याच्या तोंडावर दुखणे उलटले. तरीही 10 जानेवारी 1889 रोजी तेरेजाच्या वस्त्रग्रहण विधीला ते आले. त्या दिवशी बर्फ पडला होता, आणि लेकीला हाताशी धरून वेदीपर्यंत नेणारे वडील सर्वांनी पाहिले. घरच्यांना वाटले, संकट टळले.

महिनाही नीट सरला नाही. फेब्रुवारीत त्यांना भास होऊ लागले. युद्ध चालले आहे, शत्रू दारात आले आहेत, मुलींचे रक्षण करायला हवे, असे समजून त्यांनी पिस्तूल हाती घेतले. ज्या बापाने आयुष्यभर मुलींना जपले, त्याचे हरपलेले मनही मुलींनाच जपू पाहत होते. पण हातात भरलेले शस्त्र होते आणि घरात दोन तरुण मुली व नोकरमाणसे होती. मामा गेरँ यांनी निर्णय घेतला. 12 फेब्रुवारी 1889 रोजी लुई यांना काँ शहरातील बों सोव्हर या मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. तिथे त्यांची तीन वर्षे आणि तीन महिने गेले.

त्या काळचे ज्ञान, त्या काळची व्यवस्था

आजचा वाचक विचारील, डॉक्टरांनी काय निदान केले? त्याचे उत्तर समजण्यासाठी त्या शतकातील वैद्यकाकडे थोडे वळावे लागते.

वाचा जाणे म्हणजे बुद्धी जाणे नव्हे, हे शास्त्राला उमगू लागले ते 1861 साली. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न नावाचा एक रुग्ण एकवीस वर्षे पडून होता. त्याला ‘तां’ एवढाच उच्चार करता येई. बोललेले मात्र त्याला बव्हंशी समजत असे. त्याच्या मृत्यूनंतर पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने मेंदूच्या डाव्या अर्धगोलाच्या पुढच्या भागातील विकृती दाखवून दिली. त्याच वर्षी ब्रोकाने लेलाँ नावाच्या, ऐंशीच्या पुढे गेलेल्या आणखी एका वृद्धाचे वर्णन केले. त्याच्यापाशी पाचच शब्द उरले होते, आणि संख्येसाठी तर ‘तीन’ हा एकच. मुले किती असे विचारले की तो तोंडाने ‘तीन’ म्हणे आणि बोटे चार दाखवी. मुलगे किती? ‘तीन’, आणि बोटे दोन. मुली किती? पुन्हा ‘तीन’, आणि बोटे दोन. जीभ चुकत होती, बाप चुकत नव्हता. आमच्या आईच्या ‘बाय’चा अर्थ आम्हाला या लेलाँने शिकवला.

पुढे 1874 मध्ये ब्रेस्लाऊ येथील कार्ल वेर्निके याने याची दुसरी बाजू दाखवली. काही रुग्णांना भरभर बोलता येते, परंतु शब्दांची वीण उसवलेली असते आणि दुसऱ्याचे बोलणे उमगत नाही. 1892 मध्ये प्राग येथील आर्नोल्ड पिक याने एकाहत्तर वर्षांच्या एका वृद्धाची हकीकत प्रसिद्ध केली. मेंदूच्या झिजेबरोबर त्याची भाषा टप्प्याटप्प्याने ढासळत गेली होती. म्हणजे लुई मार्टिन काँ येथून घरी परतले, त्याच वर्षी दूरच्या एका शहरात एक वैद्य या दुखण्याच्या जवळपास पोहोचत होता. अलोइस आल्झायमर याने फ्रांकफुर्टच्या रुग्णालयात एक्कावन्न वर्षांच्या आउगुस्ट डेटर या स्त्रीला तपासले ते 1901 मध्ये. फुलकोबी आणि डुकराचे मांस जेवत असताना ‘काय खातेस?’ असे विचारले, तर ती पालक म्हणून सांगे. नाव लिहायला सांगितले, तर ‘श्रीमती’ एवढे लिहून पुढचे विसरे. तिच्या मेंदूतील विकृती आल्झायमरने 1906 च्या नोव्हेंबरात विद्वानांपुढे मांडली, आणि 1910 साली त्या रोगाला त्याचे नाव मिळाले. लुई यांच्या निधनाला तोवर सोळा वर्षे झाली होती.

तेव्हा लुई यांच्या घरच्यांपाशी या दुखण्याला आजच्यासारखे नावही नव्हते. मेंदूच्या रक्तवाहिन्या कठीण होण्याचा विकार आणि पक्षाघाताचे वारंवार येणारे झटके, असे त्यांच्या आजाराचे वर्णन केले जाते. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होऊन येणारा स्मृतिभ्रंश हा आज ओळखीचा प्रकार आहे. त्यात रुग्ण एकसारखा उतारावर जात नाही. काही दिवस अगदी शहाण्यासारखा वागतो, मग एकदम पायरी खाली घसरतो. लुई यांच्या चढउतारांची कहाणी याच्याशी जुळते. गावाला मात्र एकच शब्द ठाऊक होता : वेड.

बों सोव्हरची व्यवस्थाही समजून घ्यायला हवी. 30 जून 1838 च्या कायद्याने फ्रान्समध्ये प्रत्येक जिल्ह्यावर मनोरुग्णांच्या सोयीची जबाबदारी टाकली होती. वैद्यकीय दाखला आणि नातलगांचा अर्ज असल्यास रुग्णाला दाखल करून घेतले जाई. काँ येथील ही संस्था धर्मभगिनी चालवीत. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिची नव्याने उभारणी करणारे धर्मगुरू प्येर-फ्रान्स्वा जामे हे मूकबधिरांच्या शिक्षणासाठी हाताच्या खुणांची पद्धत बसवणारे शिक्षकही होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1987 मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्याशी बोलण्याचा मार्ग शोधणाऱ्या माणसाच्या संस्थेत लुई पोहोचले, हा योगायोग आम्हाला फार अर्थपूर्ण वाटतो.

काँ येथील तीन वर्षे

‘वेड्यांच्या इस्पितळात’ वडील गेले म्हटल्यावर मुलींनी काय केले? लेओनी आणि सेलीन आठवड्याभरातच काँ येथे गेल्या आणि तिथल्या व्हिन्सेंट द पॉल भगिनींकडे भाड्याने राहिल्या. भेटीची परवानगी आठवड्यातून एकदाच होती. तरीही त्या रोज रुग्णालयाच्या दारापर्यंत जात, वडिलांची रात्र कशी गेली ते विचारत आणि परत येत. असे त्यांनी सुमारे तीन महिने केले. मे महिन्यात मामांच्या सांगण्यावरून त्या लिझ्यूला परतल्या आणि तिथून आगगाडीने भेटीला जात राहिल्या. कोस्तार नावाच्या धर्मभगिनीकडे लुई यांची देखभाल होती. तिने मुलींना वडिलांची जी खबर वेळोवेळी दिली, ती वाचताना जाणवते की परक्या घरातही त्यांना माणूस म्हणून पाहणारे कुणीतरी होते.

शुद्धीच्या घटकांत लुई यांना आपण कुठे आहोत हे कळत असे. आजवर आपल्या वाट्याला नेहमी मान आला, कधी अपमान आला नाही. देवाने ही परीक्षा त्यासाठीच पाठवली असावी, अशा आशयाचे उद्गार त्यांनी तिथल्या डॉक्टरांपाशी काढले. यातील श्रद्धा मोठी आहे. परंतु ही श्रद्धा पुढे करून त्यांचे दुःख लहान करू नये. 1889 च्या जूनमध्ये मालमत्तेचा कारभार दुसऱ्याच्या हाती सोपवण्याच्या कागदावर त्यांची सही घेण्यात आली. ते कागद आपल्या मुलींच्या वतीने आले आहेत असे कळताच त्यांना रडू कोसळले. मुलींनी आपल्याला टाकले, असे त्यांना वाटले. मुलींनी टाकले नव्हते, मामांनीही कपटाने काही केले नव्हते. कुणीतरी कारभार पाहणे आवश्यकच होते. पण आवश्यक गोष्टही रुग्णाच्या मनावर घाव घालू शकते. सातबाऱ्यावर किंवा बँकेच्या पुस्तकावर वृद्ध आईचा अंगठा घेताना हा प्रसंग आपण आठवावा. ती शुद्धीवर असताना, तिला समजावून, सर्व भावंडांसमक्ष हे काम वेळीच उरकलेले बरे.

गावाच्या जिभेला मात्र लगाम नव्हता. मुली एकामागून एक मठात गेल्या, धाकटी तर लाडकी, तिच्या विरहानेच म्हाताऱ्याचे डोके फिरले, असे लोक बोलत. हे बोल मठाच्या भिंतीआडही पोहोचत होते. सोळा वर्षांच्या तेरेजाने ते मुकाट्याने सोसले. याहून अधिक दुःख आपण सोसू शकू, असे तिने पूर्वी एकदा म्हटले होते. वडिलांना काँ येथे नेले त्या दिवशी मात्र ते शब्द आपल्या तोंडी आले नाहीत, अशी प्रांजळ कबुली तिने आत्मकथनात दिली आहे. 24 सप्टेंबर 1890 रोजी तिच्या शिरोवस्त्राचा विधी होता. त्या दिवशी वडिलांना थोडा वेळ तरी आणावे, असे मुलींच्या मनात होते. मामांनी ऐन वेळी नकार दिला, कारण गर्दीत आणि भावनेच्या भरात काय होईल याचा भरवसा नव्हता. तेरेजा त्या दिवशी खूप रडली. संतांच्या घरातही अशी माणसे असतात : एकाला हृदयाचे ऐकावेसे वाटते, दुसऱ्याला धोका दिसतो, आणि दोघांपैकी कुणीही दुष्ट नसतो.

याच काळात तेरेजाला लहानपणचा एक प्रसंग पुन्हा आठवला. सहा-सात वर्षांची असताना, वडील परगावी गेलेले असताना, तिला दुपारच्या उन्हात बागेतून वाकून चालणारा त्यांच्यासारखाच एक माणूस दिसला होता. त्याचे डोके वस्त्राने झाकलेले होते. तिने हाका मारल्या, पण तो थांबला नाही. पुढे तिला वाटले, ते झाकलेले मस्तक म्हणजेच वडिलांचे हे आजारपण. वस्त्रग्रहणाच्या वेळी तिने आपल्या नावापुढे ‘पवित्र मुखाची’ हे बिरुद जोडले होते. क्रूसाच्या वाटेवर विद्रूप झालेल्या प्रभूच्या मुखाचे चिंतन आणि वडिलांच्या झाकोळलेल्या मुखाचे चिंतन तिच्या मनात एक झाले. स्मृती गेलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे कसे पाहावे, याचे याहून खोल उत्तर आम्हाला ठाऊक नाही.

घरी परत

1892 पर्यंत लुई यांचे पाय गेले होते. आता ते पळून जाण्याची भीती नव्हती, शस्त्र हाती घेण्याचीही नव्हती. 10 मे 1892 रोजी मामा त्यांना लिझ्यूला घेऊन आले. दोनच दिवसांनी त्यांना कार्मेलच्या भेटीच्या खोलीत नेण्यात आले. जाळीपलीकडे तीन मुली, अलीकडे चाकांच्या खुर्चीवर बाप. चार वर्षांत इतक्या काही गोष्टी साठल्या होत्या. पण त्यांना बोलता येत नव्हते. भेट जवळजवळ निःशब्द झाली. निघण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी डोळे वर उचलले, बोटाने वर दाखवले आणि मोठ्या कष्टाने दोनच शब्द उच्चारले. स्वर्गात भेटू, एवढा त्यांचा अर्थ होता. मठातील मुलींची आणि त्यांची ती अखेरची भेट.

ज्याची वाचा गेली आहे, त्याच्यापाशी बोलायचे काही उरलेले नाही, असे आपण गृहीत धरतो. त्या दुपारी एका माणसाने उरलेल्या दोन शब्दांत सगळे सांगितले.

मामांच्या घराजवळ भाड्याने घर घेऊन सेलीन आणि लेओनी वडिलांसह राहू लागल्या. मदतीला पगारी नोकर आणि त्याची पत्नी ठेवली, कारण आडव्या माणसाला उचलणे दोन मुलींच्या आवाक्यातले नव्हते. उन्हाळ्यात मामांच्या ला म्यूस येथील वाड्यात, झाडांच्या सावलीत त्यांची खुर्ची ठेवली जाई. तिथले एक छायाचित्र उपलब्ध आहे. मध्यभागी खुर्चीत वृद्ध लुई, भोवती सारे कुटुंब. आम्ही ते छायाचित्र बराच वेळ पाहत बसलो. त्या घराने फोटोच्या वेळी म्हाताऱ्याला आतल्या खोलीत बसवले नव्हते.

1893 मध्ये लेओनी व्रतस्थ जीवनासाठी मठात गेली आणि भार एकट्या सेलीनवर आला. तिलाही कार्मेलमध्ये जायचे होते. वडील आहेत तोवर तिने ती इच्छा बाजूला ठेवली. तेरेजाने मठातून तिला जी पत्रे लिहिली, ती आज ख्रिस्तसभेचा ठेवा आहेत; परंतु रात्री उठून वडिलांची कूस बदलणारी सेलीन होती, हे विसरू नये. प्रत्येक घरात पत्रे लिहिणारे काही असतात आणि अंथरूण बदलणारी एखादी असते. परदेशांतून दूरध्वनी करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा भेद मनाशी प्रामाणिकपणे जाणावा.

1894 च्या मेअखेरीस मोठा झटका आला, तेव्हा लुई यांना अंत्याभ्यंग देण्यात आला. 29 जुलै 1894 रोजी ला म्यूस येथे त्यांनी देह ठेवला. शेजारी सेलीन होती. सप्टेंबरच्या 14 तारखेला, पवित्र क्रूसाच्या सणादिवशी, ती कार्मेलमध्ये दाखल झाली.

इतिहास आपल्याला काय सांगतो

18 ऑक्टोबर 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी लुई आणि झेली यांना एकत्र संतपद बहाल केले. रोममध्ये तेव्हा कुटुंबविषयक धर्मपरिषद चालली होती. तेरेजाशी आपले नाते तर जुनेच आहे. 1927 मध्ये गोव्यात चिरनिद्रा घेणाऱ्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने तिला मिशन कार्याची आश्रयदाती ठरवण्यात आले. झेवियरचे दर्शन घेणाऱ्या आपल्या कुटुंबांना तेरेजाच्या वडिलांचेही दर्शन घडावे. मनोरुग्णालयात तीन वर्षे काढलेला माणूस ख्रिस्तसभेने वेदीवर ठेवला आहे. मग आपल्या आईवडिलांच्या स्मृतिभ्रंशाची लाज आपल्याला का वाटावी?

आम्ही या इतिहासातून चार गोष्टी शिकलो. पहिली, रुग्णाला संस्थेत ठेवणे म्हणजे त्याला टाकणे नव्हे. त्याच कुटुंबाने धोका होता तेव्हा वडिलांना काँ येथे ठेवले आणि धोका टळताच घरी आणले. संस्थेच्या दारात रोज जाऊन चौकशी करणारे कुणी आहे की नाही, यावर सारे ठरते. दुसरी, एकाच्या खांद्यावर हा क्रूस ठेवू नये. सेलीनला बहीण होती, मामा होते, पगारी माणूस होता. म्हणून ती टिकली. तिसरी, वाचा गेली तरी माणूस आत जागा असतो. त्याच्याशी सावकाश बोलावे, एका वेळी एकच गोष्ट विचारावी, होय-नाही म्हणता येईल असा प्रश्न करावा, बोटांकडे आणि डोळ्यांकडे पाहावे. तो चुकीचा शब्द बोलला तर परीक्षकासारखे दुरुस्त करू नये. लहानपणापासून तोंडी बसलेली गाणी आणि प्रार्थना पुष्कळदा सर्वांत शेवटी जातात. स्वतःच्या मुलाचे नाव न आठवणारी म्हातारी जपमाळेच्या ओळीत अचूक सूर मिळवते, हे आपल्यापैकी कितीकांनी पाहिले असेल.

चौथी गोष्ट धर्मग्रामाची आहे. लुई यांच्या काळी अंत्याभ्यंग बहुधा मरणाच्या उंबरठ्यावरच दिला जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये तो केवळ मरणासन्नांसाठी नाही असे स्पष्ट केले, आणि 1972 मध्ये पोप सहावे पॉल यांनी रुग्णाभ्यंगाचा नवा विधी दिला. तरी आपल्या घरांत अजूनही धर्मगुरूंना बोलावताना ‘आता शेवटच आला’ अशीच भावना असते. 27 मार्च 2005 रोजी, ईस्टरच्या दिवशी, पोप दुसरे जॉन पॉल खिडकीत आले, बोलू पाहत होते आणि शब्द फुटला नाही. त्यांनी हातानेच आशीर्वाद दिला. जगाने ती मूक कृती समजून घेतली. आपल्या घरातील मूक माणसाची कृती समजून घ्यायला आपण एवढे कमी का पडावे?

हा प्रश्न मोजक्या घरांपुरता नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतातील साठ वर्षांवरील लोकांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. आणि हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. 1992 पासून या रुग्णांसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था आपल्या देशात आहे. 2007 च्या कायद्याने वृद्ध मातापित्यांचे पालनपोषण हे मुलांचे कायदेशीर कर्तव्य ठरवले आहे. तरीही रविवारच्या मिस्साच्या वेळी म्हाताऱ्यापाशी बसण्यासाठी सुनेला घरी राहावे लागते, आणि वर्षानुवर्षे तिचा ख्रिस्तयाग चुकतो, याची दखल कायदा घेऊ शकत नाही. ती शेजाऱ्याने घ्यायची असते. आठवड्यातून दोन तास कुणी त्या घरी जाऊन बसले, तर तेवढीही दयेची कृती ठरेल.

आमची आई आता या जगात नाही. तिच्या अखेरच्या वर्षातील नाताळला आम्ही तिला ओटीवर गोठ्यापाशी खुर्ची टाकून बसवले. पाहुणे आले, थोडे अवघडले, मग एकेक जण तिच्याजवळ जाऊन वाकला. तिने प्रत्येकाला ‘बाय’ म्हटले. गोठ्यातल्या बाळ येशूकडे बोट दाखवूनही ती ‘बाय’च म्हणाली. त्या दिवशी आमच्यापैकी कुणीही तिला दुरुस्त केले नाही.